डेल्फ्टची निळी भांडी आणि दख्खन

व्याख्या

डेल्फ्ट हे नेदरलँड्समधील एक मध्यम आकाराचे शहर. सतराव्या शतकात तेथे तयार झालेली पांढऱ्या पृष्ठावर निळी नक्षी असलेली भांडी ‘डेल्फ्टवेअर’ म्हणून जगभर गेली. दिसायला ती चिनी पोर्सलीनसारखी असली तरी पोर्सलीन नव्हेत. आतली माती साधी, मऊ व सच्छिद्र असते आणि भाजल्यावर तिचा रंग फिकट पिवळसर होतो. बाहेरचा पांढरेपणा कथिलाच्या ऑक्साइडने अपारदर्शक केलेल्या काचेच्या थराचा, तर निळाई कोबाल्टची. पांढऱ्या मातीचे भांडे करता येईना, म्हणून पिवळ्या मातीला पांढरे काचकवच चढवले, इतके या कलेचे सार सांगता येईल. अशा कथिल-झिलईच्या भांड्यांना इटलीत मायोलिका, फ्रान्समध्ये फायन्स म्हणतात. डेल्फ्टवेअर हे त्याच कुळातले उत्तरेकडचे घराणे.

पोर्सलीनचे वेगळेपण

चिनी पोर्सलीनला दोन गोष्टी लागतात. पहिली केओलिन ही लोहविरहित पांढरी माती, आणि दुसरी सुमारे 1300 अंश सेल्सियसपर्यंत जाणारी भट्टी. केओलिन आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड या तापमानाला एकजीव होऊन अंशतः काच बनते. त्यामुळे भांडे पातळ असूनही मजबूत होते, पाणी शोषत नाही, बोटाने टिचकी मारल्यावर खणखणते आणि उजेडासमोर धरल्यास अर्धपारदर्शक दिसते. युरोपात हे रहस्य 1708च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये त्शिर्नहाउस आणि ब्योटगर यांना उलगडले व 1710मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. त्याआधीची सगळी युरोपीय ‘चिनी’ भांडी म्हणजे अनुकरणच.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार ज्या वेंगुर्ल्यात होती, तो आजचा सिंधुदुर्ग जिल्हा चिनी मातीच्या, म्हणजेच केओलिनच्या साठ्यांसाठी ओळखला जातो. डच व्यापारी पोर्सलीनच्या कच्च्या मालाच्या शेजारी राहत होते. पण भट्टी आणि कृती माहीत नसताना नुसती माती जवळ असून उपयोग नसतो.

झिलईतले कथिल

कथिल मराठी घरांना कल्हईमुळे परिचित आहे. तापवलेल्या पितळी पातेल्यावर नवसागर टाकून कथिलाचा पातळ थर पसरवला की भांडे आतून चंदेरी होते आणि ताक-आमटी कळकत नाही. झिलईतही कथिल हेच काम करते, म्हणजे हलक्या प्रतीच्या पृष्ठाला झाकते. फरक रसायनाचा आहे. कल्हईत कथिल धातुरूपात राहते, झिलईत ते ऑक्साइड होऊन काचेत विखुरते. डच कारागीर शिसे आणि कथिल एकत्र वितळवून हवेत भाजत. त्यातून निघालेली राखेसारखी भुकटी सिलिका वाळू, मीठ आणि सोडा किंवा पोटॅशबरोबर भट्टीत वितळवली जाई. थंड झालेली ही काच फोडून, दळून पाण्यात कालवली की झिलईचे पांढरे दाट पाणी तयार होई.

कथिलाचे ऑक्साइड काचेत पूर्ण विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक तरंगत राहतात. काच आणि हे स्फटिक प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवतात, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि थर दुधासारखा पांढरा दिसतो. म्हणजे हा पांढरेपणा रंगद्रव्याचा नसून विखुरलेल्या प्रकाशाचा आहे. झिलईत साधारण पाच ते दहा टक्के कथिल पुरते. कथिल महाग असल्याने कंजूष कारखानदार ते कमी घालत, आणि मग खालची पिवळसर माती डोकावू लागे.

बसऱ्यापासून अँटवर्पपर्यंत

ही युक्ती डचांची नव्हे. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या इराकमध्ये समुद्रमार्गे चिनी पांढरी भांडी येऊ लागली. तेथील कुंभारांकडे केओलिन नव्हते, म्हणून त्यांनी स्थानिक पिवळ्या मातीवर अपारदर्शक पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्टने फुले-पाने काढली. बसरा हे या कामाचे प्रमुख केंद्र. चीन ते इराणी आखात या सागरी मार्गावर कोकणातील चौल हे बंदर होते. अरब लेखकांनी त्याला सैमूर म्हटले आहे. चौलच्या परिसरात चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळतात, त्या या व्यापाराच्याच खुणा.

इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ 1998मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील जहाजात सुमारे 60,000 चिनी भांडी होती. त्यांत तीन निळ्या नक्षीच्या ताटल्या आहेत. पुढे चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदेझेन येथे निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनचे मोठे युग सुरू झाले, तेव्हा तिथला उत्तम कोबाल्ट इराणी मुलखातून जात होता. पांढरेपणाचा आदर्श चीनने पश्चिमेला दिला आणि निळाईचा कच्चा माल पश्चिमेने चीनला दिला. कोणी कोणाची नक्कल केली हा प्रश्न येथे फारसा सुटत नाही, आणि सोडवण्याची गरजही नाही.

इराकमधून हे तंत्र उत्तर आफ्रिका, मुस्लिम स्पेन आणि तेथून इटलीत गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुइदो दा साविनो हा इटालियन कारागीर अँटवर्पमध्ये स्थायिक झाला. 1585मध्ये स्पॅनिश सैन्याने अँटवर्प घेतल्यावर प्रॉटेस्टंट कारागीर उत्तरेकडे पांगले. मिडेलबर्ग, हार्लेम, ॲम्स्टरडॅम आणि डेल्फ्ट येथे त्यांनी भट्ट्या उभारल्या.

गोव्याहून निघालेले जहाज

डचांच्या मनात चिनी भांड्यांची भूक निर्माण केली ती दोन लुटींनी. त्यांतली पहिली थेट गोव्याशी जोडलेली आहे. 1601च्या डिसेंबरअखेर ‘साँ तियागो’ हे पोर्तुगीज जहाज गोव्याहून लिस्बनकडे निघाले. मार्च 1602मध्ये अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटाजवळ झीलंड प्रांताच्या जहाजांनी ते पकडले आणि मिडेलबर्गला नेले. त्यात चिनी पोर्सलीन होते. जहाजावर फ्रान्चेस्को कार्लेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारीही होता. जगप्रदक्षिणा करून घरी निघालेल्या या माणसाचा माल डचांनी बळकावला आणि तो परत मिळवण्यासाठी तो कितीतरी काळ भांडत राहिला.

दुसरे जहाज ‘सांता कातारिना’. फेब्रुवारी 1603मध्ये याकोब व्हान हेमस्केर्कने ते सिंगापूरजवळ पकडले. त्यातील पोर्सलीनच्या भांड्यांची संख्या सुमारे एक लाख सांगितली जाते. 1604मध्ये ॲम्स्टरडॅमला लिलाव झाला तेव्हा फ्रान्सच्या राजासाठीही खरेदी झाली. ही जप्ती कायदेशीर ठरवण्यासाठी कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण विधिज्ञाला कामाला लावले. त्याच्या लिखाणातून 1609मध्ये समुद्र सर्वांना खुला असल्याचा सिद्धांत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या पायाशी चिनी बश्यांचे पेटारे आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

वेंगुर्ल्याची वखार

1602मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची होती. विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने 1637मध्ये तिने गोव्याच्या उत्तरेला वेंगुर्ल्यात ठाणे उघडले. गोव्याच्या नाकेबंदीसाठी येणाऱ्या डच आरमाराला येथे पाणी, धान्य आणि मुख्यतः बातमी मिळे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डचांचे येथील महत्त्व संपले. वखारीच्या जांभ्याच्या भिंती पडक्या अवस्थेत आजही उभ्या आहेत. भांड्यांच्या इतिहासात या वखारीचे स्थान अप्रत्यक्ष, पण महत्त्वाचे आहे. आशियातील व्यापारमार्ग पोर्तुगीजांच्या हातून सुटल्यामुळेच पोर्सलीन लिस्बनऐवजी ॲम्स्टरडॅमच्या धक्क्यावर उतरू लागले, आणि तेथील कुंभारांसमोर नमुना व स्पर्धक असे दोन्ही एकदमच उभे राहिले.

डेल्फ्टला मिळालेली संधी

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आयात मालामुळे डच कुंभार मागे पडले होते. 1644मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमध्ये दीर्घ यादवी माजली, आणि 1647नंतर निर्यात रोडावली. 1670च्या दशकात तर जिंगदेझेनच्या भट्ट्याच उद्ध्वस्त झाल्या. कंपनीने जपानमधील आरिता येथून माल मागवायला सुरुवात केली, पण तो महाग पडे. ही पोकळी डेल्फ्टने भरली.

डेल्फ्टच का, याला स्थानिक कारण आहे. तेथील बिअर गाळण्याचा धंदा बसत चालला होता. कालव्याकाठच्या मोठ्या इमारती रिकाम्या होत होत्या, आणि कुंभारकामाला जागा, पाणी व वाहतूक हे तीन घटक तर लागतातच. 12 ऑक्टोबर 1654 रोजी शहरातील दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि वस्तीचा मोठा भाग नष्ट झाला. त्यानंतरच्या पुनर्रचनेतही भट्ट्यांना जागा मिळाली. शतकाच्या अखेरीस शहरात तीसहून अधिक कारखाने होते. ‘पोर्सलीनची बाटली’, ‘ग्रीक अ’, ‘धातूचे भांडे’ अशी त्यांची नावे होती. यांतला पहिला कारखाना, मूळ नाव ‘दे पोर्सलेन फ्लेस’, 1653मध्ये स्थापन झाला.

घडण

प्रथम मातीची निवड. गोदाकाठच्या गावांत, उदाहरणार्थ जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या परिसरात, मडक्यासाठी नदीकाठच्या गाळाची माती लागते. शेतातली काळी माती एकटी चालत नाही, कारण ती सुकताना फार आकसते व तडकते. तीत लीद, राख किंवा वाळू घालून आकसणे कमी केले जाते. गाळातील लोहामुळे भाजलेले मडके तांबडे होते. डेल्फ्टच्या कारागिरांनाही एकाच मातीवर भागवता येत नसे. ते स्थानिक मातीत बेल्जियममधील तुर्ने भागातील माती आणि चुनखडीयुक्त माती मिसळत. चुन्याचा परिणाम दुहेरी होता. लोहाचा तांबडेपणा दबून भांडे फिकट भाजे, आणि थंड होताना मातीचे आकसणे झिलईच्या आकसण्याशी जुळे. हे जुळले नाही तर झिलईला जाळीदार भेगा पडतात किंवा तिच्या खपल्या सुटतात. अनुकरणाचे खरे कौशल्य रंगात नसून या न दिसणाऱ्या जुळणीत आहे.

मिश्रण पाण्यात कालवून, गाळून, महिनोन्‌महिने मुरवले जाई. चाकावर किंवा साच्यात घडवलेले भांडे सुकवून एकदा सुमारे 1000 अंशांना भाजत. या पहिल्या भाजणीनंतर ते कडक, पण पाणी शोषणारे होते. मग ते झिलईच्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढत. सच्छिद्र माती क्षणात पाणी ओढून घेते आणि पृष्ठावर पिठासारखा कोरडा पांढरा थर उरतो.

याच थरावर चित्र काढायचे असते, आणि येथे चित्रकाराची कसोटी लागते. थर टिपकागदासारखा आहे. कुंचला टेकताच रंग आत जातो, खोडता येत नाही, हात थबकला तर तेथे डाग पडतो. म्हणून नक्षीचा आराखडा आधी कागदावर सुईने टोचून घेत, कागद भांड्यावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेषा ओढत. बाह्यरेषेला ‘ट्रेक’ म्हणत. ती गडद काढून आत पातळ निळा भरत. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदाची रीत हीच. रंगवताना कोबाल्टचे मिश्रण काळपट दिसते. खरी निळाई भट्टीतून बाहेर आल्यावरच कळते, म्हणजे चित्रकार अंतिम छटा मनात धरून काम करतो. कोबाल्ट मुख्यतः सॅक्सनीच्या खाणींतून येई.

चित्र झाल्यावर वरून पारदर्शक शिशाच्या झिलईचा तुषार उडवत. तिला ‘क्वार्ट’ म्हणतात. तिच्यामुळे निळा रंग खोल दिसतो आणि पृष्ठाला पोर्सलीनसारखी ओली चमक येते. दुसऱ्या भाजणीत राख-धूर लागू नये म्हणून भांडी झाकणाच्या मातीच्या पेट्यांत ठेवत. पेटीच्या भिंतींतून आत आलेल्या मातीच्या त्रिकोणी खुंट्यांवर ताटल्या टेकवत. त्यांचे तीन बारीक व्रण जुन्या ताटलीच्या पाठीवर दिसतात. हे सारे टप्पे गेरिट पापे याने 1794च्या पुस्तकात लिहून ठेवले. तो स्वतः डेल्फ्टच्या कारखान्यात चित्रकार होता, म्हणून त्याच्या वर्णनाला वजन आहे.

नक्षी

आरंभीची नक्षी मिंग काळातील निर्यात-मालाची हुबेहूब नक्कल होती. मध्ये पक्षी किंवा खडकावरची फुले, कडेला चौकटींत विभागलेली किनार. पण चिनी संकेतचिन्हांचा अर्थ डच चित्रकारांना माहीत नव्हता. त्यामुळे शुभचिन्हे केवळ आकार म्हणून उतरली, अक्षरांच्या जागी अक्षरासारख्या खुणा आल्या, चिनी विद्वानाच्या हातात भलतीच वस्तू गेली. हळूहळू पवनचक्क्या, जहाजे, बायबलमधील प्रसंग, गोठलेल्या कालव्यावरचे खेळ यांनी जागा घेतली. सर्वांत धाडसी वस्तू म्हणजे ट्यूलिपची फुले एकेकटी खोचण्यासाठी तोट्या असलेले मनोऱ्यासारखे उंच फुलपात्र. ‘ग्रीक अ’चा मालक आद्रियानुस कोक्स याने इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिच्यासाठी अशी पात्रे पुरवली. असा आकार चीनमध्ये नव्हता. ज्या वस्तूत डेल्फ्टने नक्कल सोडली तीच त्याची सर्वोत्तम वस्तू ठरली, असे माझे मत आहे.

फरशा आणि त्यांचा प्रवास

कथिल-झिलईचा अधिक टिकाऊ उपयोग भिंतीच्या फरशांचा होता. सुमारे 13 सेंटिमीटर बाजूची चौरस फरशी चुलाण्याभोवती आणि ओलसर भिंतींच्या खालच्या भागात बसवत. ती धुता येई आणि रॉकेलपूर्व काळात मेणबत्तीचा उजेड परतवी. डेल्फ्टपेक्षा रॉटरडॅम, हार्लिंगन आणि मक्कुम येथे फरशा अधिक होत, तरी नाव डेल्फ्टचेच चालले. उदयपूरच्या राजवाड्यातील ‘चिनी चित्रशाला’ या दालनात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील डच फरशा बसवलेल्या आहेत.

पोर्तुगालमध्ये ‘अझुलेजु’ नावाची फरशीकला जुनी होती, पण निळ्या-पांढऱ्या डच फरशांनी तिथली आवड बदलली. आयात इतकी वाढली की राजा दुसरा पेद्रू याने 1687 ते 1698 या काळात ती बंद ठेवली. स्थानिक कारागिरांनी मग निळ्या-पांढऱ्या रंगातच मोठी चित्रे रंगवायला घेतली. गोव्यात ही परंपरा पोर्तुगीजांबरोबर आली. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या भग्न संकुलात फरशांचे अवशेष आहेत. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कुलासु या पोर्तुगीज चित्रकाराने रंगवलेल्या 1935च्या फरशा आहेत. पोर्तुगीज महाकाव्य ‘उश लुझियादश’मधील प्रसंग त्यांवर निळ्या रंगात आहेत. डेल्फ्टची आठवण मराठी मुलखाच्या शेजारी सर्वांत स्पष्ट दिसते ती येथे.

दौलताबादचा चिनी महाल

वर मडक्यांच्या मातीच्या संदर्भात आलेले वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. त्या मार्गाने वायव्येला छत्रपती संभाजीनगर आणि पुढे दौलताबादचा किल्ला लागतो. किल्ल्याच्या आतल्या भागात चिनी महाल नावाची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर कधीकाळी निळ्या-पिवळ्या झिलईच्या फरशा होत्या. आज त्यांचे थोडे तुकडे उरले आहेत. या फरशांमुळेच इमारतीला हे नाव मिळाले. डेल्फ्टशी तिचा थेट संबंध नाही. दख्खनमध्ये झिलईदार फरशी आली ती समुद्रापलीकडच्या इराणमधून, बहमनी सुलतानांच्या आश्रयाने. मात्र दोन्ही परंपरांचे मूळ एकाच पश्चिम आशियाई कुंभारकामात आहे. एक शाखा भूमध्य समुद्रातून वर गेली, दुसरी अरबी समुद्र ओलांडून पठारावर चढली.

या दुसऱ्या शाखेचे सर्वांत भव्य उदाहरण सीमाभागातील बीदर येथे आहे. मूळचा इराणच्या गीलान प्रांतातील असलेला बहमनी वजीर महमूद गवान याने 1472मध्ये मदरसा बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीवर आणि मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांचे नागमोडी पट्टे आणि कुराणातील वचने आहेत. पुढे औरंगजेबाच्या काळात 1696च्या सुमारास येथे दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा निम्मा दर्शनी भाग गेला. डेल्फ्टला 1654मध्ये जे झाले, तेच बीदरला झाले. फरक इतका की डेल्फ्टमध्ये स्फोटानंतर भट्ट्या वाढल्या. बीदरच्या फरशीकामाला तोवर आश्रयदातेच उरले नव्हते.

चिनी महालाचा पुढचा इतिहास खिन्न करणारा आहे. दौलताबाद 1633मध्ये निजामशाहीकडून मुघलांकडे गेले. 1687मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तेथील शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने या महालात कैदेत ठेवले, आणि मृत्यूपर्यंतची सुमारे बारा वर्षे त्याने येथेच काढली. योगायोगाने त्याच दशकात डेल्फ्टची भांडी कीर्तीच्या शिखरावर होती.

मर्यादा

कथिल-झिलई हा वरवरचा थर आहे, आणि त्यातच तिचे दुबळेपण आहे. भांड्याची कड हलकेच आपटली तरी काच टवका उडून निघते व आतली पिवळसर माती उघडी पडते. तेथून पाणी आणि तेल शिरते, डाग पसरतो. उकळत्या पाण्याने भांडे तडकू शकते, म्हणून चहासाठी पोर्सलीनचीच मागणी राहिली. शिशाचा प्रश्न आणखी गंभीर होता. आंबट पदार्थ झिलईतील शिसे ओढून घेतात. लोणचे, चिंचेचे सार, दही अशा भांड्यात ठेवणे धोक्याचे. मराठी घरातील लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी या बाबतीत वेगळ्या जातीची आहे. ती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजलेली असते. तिची माती स्वतःच पाणी रोखते, म्हणून खार-मीठ वर्षभर टिकते. डेल्फ्टच्या भांड्यांचे खरे स्थान भिंतीवर आणि कपाटात होते, आणि अनेक घरांत ती तशीच वापरली गेली.

उतार

अठराव्या शतकात तीन बाजूंनी दबाव आला. चिनी निर्यात पुन्हा सुरू झाली, युरोपात खरे पोर्सलीन होऊ लागले, आणि इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने 1760च्या दशकात स्वस्त, हलकी, टिकाऊ, साय-रंगी भांडी काढली. शेवटचा घाव निर्णायक ठरला. मातीच पांढरी झाल्यावर महागड्या कथिलाची गरज उरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डेल्फ्टमध्ये ‘दे पोर्सलेन फ्लेस’ हा एकच कारखाना तग धरून होता. 1876मध्ये योस्त थूफ्टने तो विकत घेऊन निळ्या कामाचे पुनरुज्जीवन केले. पण त्याने इंग्लिश धर्तीची पांढरी माती आणि पारदर्शक झिलई स्वीकारली. त्यामुळे आजचे बरेचसे ‘डेल्फ्ट ब्लू’ तांत्रिकदृष्ट्या कथिल-झिलईचे नाही.

त्याच सुमारास मुंबईतही जुन्या झिलईदार कामाला नवे रूप देण्याचा प्रयत्न झाला. जे. जे. कलाशाळेचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी सिंधी कुंभारकामाच्या परंपरेतून मुंबईत कलात्मक भांड्यांचे काम सुरू केले. पुढे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृतीही त्या भांड्यांवर आल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहता येतात. हा प्रयोग अल्पायुषी ठरला, तरी मराठी प्रदेशातील आधुनिक कलात्मक झिलईकामाचा तो महत्त्वाचा टप्पा आहे.

ओळखण्याच्या खुणा

जुने डेल्फ्ट ओळखताना नक्षीपेक्षा कड आधी पाहावी लागते. टवका उडालेल्या जागी पिवळसर, खडूसारखी माती दिसली तर भांडे कथिल-झिलईचे असण्याचा संभव मोठा. तेथेही पांढरीच, गुळगुळीत माती असेल तर ते पोर्सलीन किंवा अलीकडची प्रतिकृती. जुन्या डेल्फ्टचा टिचकीला आवाज बद्द येतो. उजेड आरपार जात नाही. पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, पाठीवर खुंट्यांचे तीन व्रण आणि रेषेच्या जाडीतील चढउतार या हातकामाच्या खुणा. छापलेल्या नक्षीत निळा रंग सर्वत्र सारखा असतो आणि भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. केवळ तळावर ‘डेल्फ्ट’ असे नाव असणे हा पुरावा नव्हे. हे नाव कोणताही कारखाना छापू शकतो, आणि पर्यटकांच्या दुकानांतील बहुतेक निळ्या ताटल्या छापील असतात.